मांजरपाटाच्या भिंती

भिंती शिवता येतात हे आमच्या चाळीत कुणाला पटत नव्हतं.

"शिवणार म्हणजे? पडद्यासारख्या?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"पडदा नाही काकू, भिंतच. फक्त कापडाची," ताई म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुझी ही ताई शिकलेली आहे ना गो?"

ताई माझी आतेबहीण. राहते चेंबूरला. आर्किटेक्ट झाली, एका ऑफिसात तीन वर्षं टॉवरचे जिने काढले आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आली. तेव्हापासून ती जे करते त्याला आमच्या घराण्यात एका शब्दाचं नाव नाही. कुणी विचारलं की आत्या म्हणते, "ती घरांचं काहीतरी करते." पडणार असलेल्या घरांत ताई तिपाईवर एक यंत्र लावते. ते गोल फिरतं आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा, प्रत्येक भेगेचा एकेक ठिपका टिपतं. त्या लाखो ठिपक्यांची खोली कॉम्प्युटरात उभी राहते. मग तीच खोली ती खऱ्या मापाची, पांढऱ्या मांजरपाटात शिवून बांबूंना टांगते. बघणारा त्या कापडी खोलीत उभा राहतो आणि डोळ्यांवर चष्मा चढवतो. चष्म्यात त्याला खरी खोली दिसते, भांड्यांच्या फळीसकट, भिंतीवरच्या देवांसकट. हात पुढे केला की हाताला नुसतं कापड लागतं.

"डोळ्यांना घर दिसतं आणि हाताला लागत नाही. तिथे जो धक्का बसतो ना, तेवढंच माझं काम," ती सांगायची.

मला ते चोचले वाटायचे. मी अक्षरं गिरवली ती बाबांच्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. बाबा मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात होते, युनियनमध्ये होते, आणि पत्रकं छापायचं सायक्लोस्टाईल मशीन आमच्या घरात होतं. खाट आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद टेबलावर ते असायचं. मशीन गेल्यावर टेबल माझं झालं. तिथेच मी अभ्यास केला, तिथेच कॉलेजात असताना पहिलं पत्रक लिहिलं, आणि आता अंधेरीतल्या ऑफिसातून आल्यावर चाळीच्या पुनर्विकास समितीची पत्रकंही तिथेच लिहीत होते. ज्यात मागणी नाही ते सगळं माझ्या दृष्टीने शोभा.

"चाळ पडणार आहे आणि तू तिला झगा शिवतेस," ती आमच्या सगळ्या खोल्या टिपायला यंत्र घेऊन आली तेव्हा मी ताईला म्हटलं होतं.

"आणि तू दर आठवड्याला तिचं बारसं करतेस," ती म्हणाली. "दर वेळी नवीन पत्रक."

आमची चाळ घाटकोपरला, डोंगराच्या अंगाला. एका ओळीत खोल्या, वर पत्रे, पुढे सामाईक गॅलरी. खोल्या बांधल्या तेव्हा सगळ्या सारख्या होत्या, दहा फूट रुंद. भाड्याच्या पावत्यांवर तसंच लिहिलंय आणि चाळीतल्या कुणालाही विचारा, तो तेच सांगेल. दोन खोल्यांच्या मध्ये आधी लाकडी फळ्या होत्या. त्यांना वाळवी लागत गेली तशा शेजाऱ्याशेजाऱ्यांनी मिळून विटांच्या भिंती घातल्या. रीत अशी की फळी जिथे होती तिथेच दोरी धरायची. भिंतीची जाडी अर्धी याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे.

श्रावणात बिल्डरच्या मोजणीची यादी फळ्यावर लागली. सगळ्या खोल्या दहा फूट. आमची अकरा. काकूंची नऊ.

काकूंसाठी तो एक फूट फार मोठा होता. करारात असं होतं की नवं घर जुन्या क्षेत्रफळाप्रमाणे मिळणार. दहा फुटांच्या खोलीला झोपायची वेगळी खोली मिळत होती, नऊ फुटांच्या खोलीला नाही. काकूंचा मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो, बायको आणि लहान मुलीला घेऊन. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली आणि काकू एकट्याच असतात. नवं घर झालं की मुलगा परत येणार होता.

"सून म्हणते, वेगळी खोली असेल तर येऊ, नाहीतर नाही," काकू यादीसमोर उभ्या राहून म्हणाल्या. "तिचं चूक नाही गो. पडद्याआड किती वर्षं काढायची माणसाने?"

नळावर शेवटच्या खोलीतले गृहस्थ बाबांना मोठ्याने म्हणाले, "काय हो, पत्रक काढणाऱ्यांना फूटभर बक्षीस वाटतं?"

बाबा लालबुंद होऊन घरात आले. "कळतंय ना तुला? मला जास्त दाखवायचं, शेजारणीला कमी. म्हणजे आमच्यात भांडण. मला घाबरतात ते, म्हणून फोडायला बघतात."

मला एका क्षणात पटलं. शंकेचा एक कणही मनात आला नाही, हे आज लिहिताना कान तापतात. मी टेबलावर बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'शेजारणीचा एक फूट कुणी खाल्ला?' खाली काकूंचं पूर्ण नाव घातलं. त्यांना विचारायचं मला सुचलं नाही. त्यांच्याचसाठी तर होतं. शेवटी लिहिलं की आमच्याकडे पुरावा आहे, प्रत्येक खोलीचं यंत्राने घेतलेलं माप आहे, आणि ते आम्ही सगळ्यांसमोर उभं करून दाखवणार आहोत.

ताईला मसुदा पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"सगळ्या खोल्या सारख्या आहेत असं लिहिलंयस. नक्की?"

"शंभर टक्के. तुझे आकडे सांग ना."

"मी आकडे काढलेच नाहीत. ठिपक्यांवरून सरळ कापडाचे साचे काढलेत. मला वाटलं, जुन्या चाळीत खोल्या लहानमोठ्या असतातच. तू असं कर, छापायच्या आधी एकदा चेंबूरला ये. मॉडेल बघून जा."

"ताई, कागद छापायला गेलाय. कला नंतर."

तिने फोन ठेवला. पत्रक दुसऱ्या दिवशी घरोघर गेलं. हरकती इतक्या आल्या की बिल्डरला फेरमोजणी ठेवावी लागली, आणि बाबांनी मला जवळ घेऊन पाठीवर थाप मारली.

गणपतीला अर्धी चाळ कोकणात गेली आणि परत आली. मग गॅलरीत तीन शिलाई मशिनं लागली. ताईचं म्हणणं होतं की ज्यांची घरं त्यांनीच शिवावीत. मांजरपाटाचा पन्हा तीन फुटांचा. खोलीच्या मागच्या भिंतीला तीन पन्हे आणि फूटभर रुंदीची एक पट्टी लागायची. ताईने प्रत्येक घरासाठी कागदी साचा दिला होता आणि पट्ट्या आम्हीच खोलीमागे एक अशा आधी कापून ठेवल्या होत्या. ताई गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला दारांच्या चौकटी जोडत बसली होती.

काकूंनी घाईघाईने आपल्या पट्टीचा काठ दुमडून टीप मारून ठेवली. पांढरा दोरा संपला होता म्हणून हिरव्या दोऱ्याने. मग भिंत साच्यावर अंथरली.

"अगो, माझी भिंत तीन पन्ह्यांतच बसली. पट्टी उरली बघ."

माझं उलटं झालं होतं. तीन पन्हे जोडले, पट्टी जोडली, तरी कापड साच्याला फूटभर कमी. "कुणाकडे जास्तीची पट्टी आहे का?" मी ओरडले.

"घे माझी. वाया कशाला?" काकूंनी ती माझ्या अंगावर फेकली. "ताईचे साचे चुकलेत. शिकलेल्या पोरींना बेतणं कुठे येतं?"

आम्ही दोघी खूप हसलो. मी ती पट्टी आमच्या भिंतीला जोडली. शिवण सरळ आली म्हणून काकूंनी कौतुकही केलं.

पितृपक्षात लग्नं नसतात. स्टेशनकडच्या रस्त्यावरचा लग्नाचा हॉल रिकामा होता, तो आम्हाला मिळाला. रविवारी सकाळी आख्खी चाळ तिथे उभी होती, पांढरी, पोकळ, बांबूंना टांगलेली. दारं, खिडक्या, पोटमाळ्याची कडा, सगळं शिवलेलं. माणसं हसत आत आली आणि आपापल्या दारात पोचेपर्यंत गप्प झाली. इतकी वर्षं राहिलेली खोली त्यांनी रिकामी कधी पाहिलीच नव्हती.

काकू त्यांच्या खोलीत गेल्या. ताईने त्यांना चष्मा घातला.

"माझं कपाट! आणि ह्यांचा फोटो!" त्या ओरडल्या आणि फोटो सरळ करायला हात पुढे केला. कापड आत गेलं. त्या तोल जाऊन दोन पावलं पुढे गेल्या. चष्मा काढून त्यांनी चारही भिंतींकडे बघितलं. "रिकामी खोली किती लहान असते," एवढंच म्हणाल्या.

मग नेहमी घरी येतात तशा, न विचारता, आमच्या खोलीत आल्या. इकडेतिकडे बघितलं. मागच्या भिंतीशी त्यांना हिरवा दोरा दिसला.

"ही माझी पट्टी."

"हो मग, तुम्हीच दिलीत ना," मी हसत म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. पट्टी चिमटीत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग एका कोपऱ्यात गेल्या, कापडाला टाच टेकवली आणि पावलाला पाऊल लावत चालायला लागल्या. मोठ्याने मोजत होत्या. बाहेर जाऊन आपल्या खोलीत शिरल्या आणि तिथेही तसंच मोजलं. आमच्याकडे तेरा पावलं भरली होती. त्यांच्याकडे दहा आणि थोडी. कापडाच्या भिंतीतून सगळं ऐकू जातं.

"म्हणजे बिल्डरचं माप बरोबर होतं," शेवटच्या खोलीतले गृहस्थ म्हणाले.

"वाट लागली," कुणीतरी पुटपुटलं.

मला अजूनही काही कळलं नव्हतं. साचा चुकलाय, यंत्र चुकलंय, असं काहीतरी मी बोलायला लागले होते, आणि तेवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते आमच्या कापडी दारात उभे होते. काकूंकडे, ताईकडे, कुणाकडेच बघत नव्हते. फक्त त्या पट्टीकडे बघत होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं.

काकू बाहेर आल्या. "भाऊ, भिंत घातलीत तेव्हा आम्ही गावाला होतो ना? गणपतीला? चावी तुमच्याकडे होती."

"आपण घरी बोलू," बाबा म्हणाले.

माझ्या तीस वर्षांत बाबांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. घरी बोलू, नंतर बोलू, बंद दाराआड बोलू, असं मालकांची माणसं म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. जे काय ते चारचौघांत.

घरी आलो तेव्हा आईने पानं वाढली होती. ती हॉलमध्ये आली नव्हती. सकाळी म्हणाली होती, गुडघे दुखतात. आम्हाला बघून तिने काहीच विचारलं नाही आणि दुसरा धक्का मला तिथे बसला.

"तुला माहीत होतं?"

"मला विचारून घातली होती का भिंत?" आई म्हणाली. "मी पण परत आले तेव्हा प्लास्टर वाळलेलं होतं. बाळंतपणाआधी माहेरी पाठवलं होतं मला."

बाबांनी ताटाला हात लावला नाही. सांगायला मात्र त्यांनी खळखळ केली नाही. कारखान्यात संप होता. युनियनच्या ऑफिसला कुलूप पडलं होतं. मशीन कुठेतरी लपवायचं होतं आणि दहा फुटांत खाट, आई, येणारं मूल आणि मशीन बसत नव्हतं. फळी वाळवीने पोखरली होती. काका-काकू गावाला जाताना स्वतःच म्हणाले होते, भाऊ, आम्ही येईपर्यंत पक्की भिंत घालून घ्या, तुमच्यावर विश्वास आहे. गवंड्याने विचारलं, दोरी कुठे धरू? बाबांनी ती फूटभर पलीकडे धरली.

"पत्रकं कुणासाठी निघत होती?" बाबांचा आवाज चढला. "तुझ्या काकासाठीच. तो पण त्याच कारखान्यात होता. मी ती जागा स्वतःसाठी नाही घेतली."

"त्यांना सांगितलं होतं?"

"संप मिटला की परत सरकवणार होतो."

"मग?"

"संप मिटला कुठे? मोडला. माणसं पांगली. मग तू झालीस. टेबल रिकामं झालं तेव्हा तू शाळेत जायला लागली होतीस. तुला बसायला जागा हवी होती."

"म्हणजे आता माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही म्हणत मी."

"काकांना कळलं नाही?"

बाबांनी भिंतीकडे बघितलं. "त्याला संशय होता. खाट लावताना एकदा माझ्याकडे बघितलं त्याने. विचारलं नाही. मला नेता मानायचा तो."

आईने ताटं उचलली. "म्हणून तर पहिली वाटी शेजारी जाते," ती मोरीकडे तोंड करून म्हणाली. "काहीही केलं की. तीस वर्षं. तुम्हा दोघांना वाटतं मी स्वभावाने उदार."

मी त्या टेबलाकडे बघितलं. 'शेजारणीचा एक फूट कुणी खाल्ला?' हे मी त्याच फुटात बसून लिहिलं होतं.

पुढे मी जे केलं ते बाबांच्या कृत्यापेक्षा मला जास्त छळतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी चेंबूरला गेले. प्रदर्शन अजून आठवडाभर उघडं राहणार होतं. बिल्डरची माणसं येणार होती, फोटो काढणार होती. पत्रकावर समितीचं नाव होतं. मी स्वतःला सांगत होते की प्रश्न आमच्या घराचा नाही, लढ्याचा आहे.

"ताई, ती भिंत सरकव," मी दारातूनच म्हटलं. "कॉम्प्युटरात फूटभर. कापडाचं मी बघते. साचा चुकला होता असं आपण सांगू."

ताईने चहाचा कप खाली ठेवला. मॉडेल उघडलं आणि आमची खोली माझ्यासमोर उभी केली. करड्या ठिपक्यांचं माझं घर. खाट, टेबल, टेबलावरचा दिवा. तिने ते फिरवून छताचं लाकूड जवळ आणलं. आडव्या वाशात एक खाच होती, दोन बोटं रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली.

"फळी या खाचेत बसायची," ती म्हणाली. "भिंत आता इथे आहे. आणि खाच कुठे आहे बघ."

खाच बरोबर माझ्या टेबलाच्या वर होती. दिव्याची वायर मी शाळेत असल्यापासून त्या खाचेतून नेली होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"दिसत होतं. सगळ्या खोल्या सारख्या असायला हव्यात हे तुझं पत्रक वाचल्यावर कळलं. म्हणून फोन केला."

"नुसता फोन? हॉलवर सगळ्यांसमोर उभं करायच्या आधी घरी येऊन सांगता आलं नाही?"

"यायला हवं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, दाखवलं की माझं संपतं. ते चुकलंच माझं. पण तू आता मला जे सांगतेस ना, तेच मामाने गवंड्याला सांगितलं होतं."

मी रडायला लागले. रागाने. तिने खुर्ची मागे घेतली आणि माउस माझ्यापुढे सरकवला. "तूच सरकव. मी अडवणार नाही."

मी माउस धरला. भिंतीवर क्लिक केलं. ठिपके पिवळे झाले. ओढायला गेले तर आख्खी चाळ फिरली. पुन्हा प्रयत्न केला, खोली उलटी झाली, खाट छताला लटकली. मग मी हात काढून घेतला. तो तत्त्वामुळे काढला की ते कसं करायचं ते येत नव्हतं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन मी दुरुस्तीचं पत्रक लिहिलं. पानभर झालं. परिस्थिती, संप, त्या काळचा दबाव, सगळं त्यात होतं. बाबांनी ते वाचलं, पेन घेतलं आणि रेघा मारत गेले. चार ओळी उरल्या. भिंत कुणी घातली, कधी घातली, किती सरकवली, आणि बिल्डरचं माप खरं आहे. खाली त्यांनी एकट्याने सही केली आणि ते स्वतः फळ्यावर लावून आले.

शेवटच्या खोलीतल्या गृहस्थांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. नळावर बाबांच्या पुढची-मागची जागा रिकामी राहायला लागली, एवढंच.

संध्याकाळी काकू आल्या. दारातच थांबल्या. तीस वर्षं ज्या बाईने आमचा उंबरा विचारून ओलांडला नव्हता, ती बाहेर उभी होती.

"कागद वाचला," त्या म्हणाल्या. "कागद नको माका. सोमवारी परत मोजणी आहे. मोजणारा काय कागद मोजत नाही. भिंत हलवा."

"वहिनी, मी लिहून देतो ना कोर्टाच्या कागदावर," बाबा म्हणाले. "चाळ तीन महिन्यांत पडणार. आता भिंत पाडून परत बांधायची म्हणजे..."

"मग तीन महिने तरी माझी जागा माझ्या घरात राहू दे."

शनिवारी गवंडी आला. पहिले घाव बाबांनी घातले. गवंड्याने मागितला तरी त्यांनी हातोडा दिला नाही. दुपारपर्यंत भिंत गेली आणि दोन घरांचं एकच लांबरुंद घर झालं. आमची खाट आणि त्यांची खाट, आमचे देव आणि काकांचा फोटो, सगळं एका नजरेत. इतक्या जवळ राहून काकू कुठल्या टोकाला उशी घेतात, छताच्या कुठल्या डागाकडे बघत झोपतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांची खाट भिंतीला लागून नव्हती. कपाटाशेजारी आडवी बसतच नव्हती म्हणून उभी घातली होती आणि तिचं पायथ्याचं टोक दाराच्या वाटेत येत होतं. त्या तीस वर्षं त्या टोकाला वळसा घालून जात होत्या.

ताई यंत्र घेऊन आली. बाबा तिला नको म्हणाले. काकू म्हणाल्या, "लाव गो. आता लाव." यंत्र मध्यावर गोल फिरत राहिलं आणि आम्ही सगळे गॅलरीत जाऊन उभे राहिलो, त्याच्या नजरेत यायला नको म्हणून.

मग वाशातल्या खाचेखाली गवंड्याने दोरी धरली. काकू स्टुलावर चढून स्वतः बघून आल्या. माझं टेबल गॅलरीत गेलं. नव्या भिंतीनंतर ते आत मावलं नाही.

सोमवारी मोजणीवाला आला. प्लास्टर ओलं होतं. त्याने भिंतीला हात लावून बघितला, बोटं पँटला पुसली. "ही कधी झाली?"

"जिथे होती तिथेच झाली," काकू म्हणाल्या. "मोज."

त्याने हातातल्या यंत्राने भिंतीवर लाल ठिपका टाकला. दहा फूट. त्याने कागद पुढे केला. काकूंनी पेन घेतलं नाही.

"आता त्यांचं मोज."

तो आमच्याकडे आला. बाबा बाजूला सरले. दहा फूट. काकूंनी दारातून वाकून त्याच्या यंत्रावरचा आकडा स्वतः वाचला, मग सही केली आणि गॅलरीतच उभं राहून मुलाला फोन लावला. "ये रे, खोली मिळतेय," एवढंच बोलल्या.

फोन ठेवून त्या माझ्यासमोर आल्या. बाबांशी त्या अजून बोलल्या नव्हत्या, आणि हे लिहितेय तोवरही बोललेल्या नाहीत.

"त्या पत्रकात माझं नाव घातलं होतंस," त्या म्हणाल्या.

"चुकलं काकू."

"पुढच्या वेळी छापायच्या आधी माका वाचून दाखवायचं. आख्खं. मी नको म्हटलं तर नाही छापायचं."

"बरं."

"बरं काय? आता लिहिणार ना तू ह्याच्यावर? ओळखत नाही का मी तुला?"

हे लिहून झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. खाटेचा भाग आला तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पदर तोंडाला लावला, आणि मग म्हणाल्या, "ते राहू दे. पुढे वाच."